पत्रूच्या नावेचा खड्डा

गुणाबाईशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मी तरी पाहिलं नाही. मी शिंपी, लटारू माझं नाव. हातमशीन डोक्यावर घेऊन वैनगंगेच्या दोन्ही काठांचे बाजार करायचो, त्यामुळे मोहटोल्याच्या घाटावरून आठवड्यातून दोनदा तरी मला पार व्हावं लागे. नावेत कोणी कुठं बसायचं ते गुणाबाई ठरवायची. एकदा एका गावचे पाटील सवयीने पुढे जाऊन बसले, तर तिने त्यांना उठवून मागे गवताच्या भाऱ्यांजवळ बसवलं. "इथी वजन पाहून बसाचं, मान पाहून नाई," म्हणाली. पाटील पार होईपर्यंत अंगावरचं गवत झटकत राहिले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, कारण माझी वर्षाची शिलाई त्यांच्याकडे तशीच पडून होती.

पण हा घाट तिला सुखासुखी मिळाला नव्हता. तिने तो ओढून घेतला, आणि कसा, ते सांगायला मी आहे तोवर सांगितलेलं बरं. हल्ली फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांना सड लागत नाही म्हणतात. आतल्या लाकडी सांगाड्याला लागतेच, आणि तो बदलताना आजही लोक तीच चूक करतात जी गुणाबाईने केली होती.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमचा सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात होता, गडचिरोली नुसतं तहसिलीचं गाव. मोहटोल्याचा घाट धिवरांचा, म्हणजे मासेमारी करणाऱ्या नावाड्यांचा. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येई, पावसाळ्यात नावेशिवाय गत नसे. नावेत बसताना कोणी काही द्यायचं नाही. सुगी झाली की दोन्ही काठांच्या गावांतून घरटी धान घाटवाल्याच्या घरी पोचायचं. घाटवाला कोण, हे मात्र दर साली नव्याने ठरे. नदी भरली की पहिली खेप गंगामायच्या ओटीची. खण, नारळ, बांगड्या, हळदकुंकू पलीकडच्या काठावर मायच्या ठाण्यावर न्यायचं. ज्याच्या नावेतून ओटी पार झाली, त्याचा घाट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. गुणाबाईचा सासरा वारलू, मग नवरा इतवारी, यांच्या नावेतून ती वर्षानुवर्षं गेली. इतवारीच्या जोडीला दुसऱ्या वल्ह्यावर गुणाबाईच असायची, त्यामुळे नदी तिला पाठ होती.

त्या हिवाळ्यात इतवारी तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली गुणाबाई आणि काठावर पालथी पडलेली नाव. नावेच्या बाहेरच्या फळ्या सागाच्या, अजून खणखणीत. पण आतल्या बरगड्या, ज्यांच्यावर फळ्या ठोकलेल्या असतात, त्या इतक्या सडल्या होत्या की बोट घातलं तर भुगा हातात येई. इतवारी दोन वर्षं उद्या करू, परवा करू म्हणत राहिला होता. चांगला माणूस, पण उद्याचा फार लोभी.

खालच्या घाटावर पत्रू होता, इतवारीचा चुलतभाऊ. त्याचा घाट त्याला होताच, पण पोट भरलं तरी डोळे भरत नाहीत अशातला तो. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तो गुणाबाईच्या ओसरीवर येऊन बसला. मी तिथंच मशीन मांडून कोणाची तरी बंडी शिवत होतो.

"वयनी, तुमी काऊन तकलीफ घेता?" त्याच्या आवाजात गूळ विरघळलेला. "नाव फोडा, सरपन होईल. घाट मी पाह्यतो. तुमाले दोन टाइम जेवाले मी घालीन."

"तू जेवाले घालशीन," गुणाबाई म्हणाली, "आन् वाढतांना मोजशीन. नाव माया सासऱ्याची हाय. ती मी नीट करीन, आन् मायची ओटी त्याच नावेतून जाईन."

पत्रू हसला. गावही हसलं. बाई आणि नाव बांधणार! मायच्या ठाण्याची पूजा आणि घाटाचा न्याय मुखरूबुवांकडे होता, म्हातारा सरळ पण जुन्या वळणाचा. ते एवढंच म्हणाले, "नदी भरेल तवा घाटावर जी नाव मजबूत दिसेल, ती जाईल." गुणाबाईला तेवढं पुरेसं होतं. मृगाला अजून तीन-चार महिने होते.

आता तिची चूक. आमच्याकडचे धिवर डोंग्यावर वाढलेले. डोंगा म्हणजे एकाच खोडाचा, आतून कोरलेला. तो सडला की कुजलेलं सगळं एका दमात खरवडून काढायचं, खाली घट्ट लाकूड लागेपर्यंत, मग राळ आणि जवसाचं तेल शिजवून लिंपायचं. सड आत ठेवून वरून लेप देणाऱ्याला धिवरपुऱ्यात निर्लज्ज समजतात. डोंग्याला ते बरोबरच आहे. पण ही नाव डोंगा नव्हती. वारलूने सिरोंच्याकडून एक तेलुगू सुतार आणून एकाच मोसमात दोन नावा बांधून घेतल्या होत्या, एक या घाटाची, दुसरी खालच्या. दोन्हींचं माप एक, हात एक. तो सुतार गेला तो गेला. बरगड्यांच्या नावेचं दुखणं कसं काढायचं हे कोणी त्याला विचारून ठेवलं नाही.

गुणाबाईने पदर खोचला आणि एका सकाळी सगळ्या बरगड्या उपटून काढल्या. काठावर सडक्या लाकडाचा ढीग घातला, नाव आतून चूल सारवल्यासारखी स्वच्छ केली आणि समाधानाने घरी जेवायला गेली. चैताचं ऊन. परत आली तेव्हा नाव दोन्ही अंगांनी उलगडून सुपासारखी पसरली होती. फळ्यांचे सांधे उघडले होते, पुढचं टोक डावीकडे मुरडलं होतं. तिने दोन्ही हातांनी फळी आत दाबून पाहिली. हात काढला की फळी पुन्हा बाहेर.

इसरू सुतार लोकांबरोबर बघायला आला होता. "एक काढाची, तिच्या जागी नवी बसवाची, मंग दुसरी," तो म्हणाला. "तुमी तर सारा पिंजराच मोकरा केला. आता फरी कुठी वाकली होती, हे कोन सांगल?"

"तू बसवून दे."

"मी नांगर-बैलबंडीचा सुतार हाय, बाई." त्याने नजर वळवली. पत्रूच्या घरचं सगळं काम इसरूकडे असे, हे सगळ्यांना माहीत होतं.

लोक पांगले. गुणाबाई नावेच्या आडोशाला बसली आणि रडली. नवरा गेला तेव्हा गावासमोर रडली नव्हती ती, तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. तिने तोंड धुतलं आणि मला म्हणाली, "लटारूभाऊ, आता तर मी करीनच." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या बाईचा सुंभ जळताना मी पाहिला, पीळ उलट घट्ट झाला.

लाकूड मिळालं कोलूकडून. कोलू मुलचेऱ्याकडच्या जंगलातला गोंड, बाजाराला हिरडा आणि मोहफुलं घेऊन यायचा आणि गुणाबाईची सुकवलेली मासळी न्यायचा. तिने त्याला सांगितलं, बीजा झाडाचं टणक लाकूड पाहिजे, आणि वाकडं पाहिजे. सरळ तासून वाकवलेलं नको, झाडावरच वाकलेलं.

कोलू हसला. "सरळ सारं ठेकेदार नेते, बाई. वाकडं आमालेच ठेवते."

ठेकेदाराने तोडीनंतर टाकून दिलेल्या फांद्या आणि बुंधे त्याने बैलबंडीत भरून आणले. एकेक लाकूड असं वेडंवाकडं की गावातल्या एका म्हातारीने विचारलं, एवढ्या हाडांची म्हैस कोणाची मेली. गुणाबाई एकेक उचलून उन्हात फिरवून बघायची आणि बाजूला ठेवायची. लाकूड होतं, हात होते. नव्हता फक्त नावेचा जुना आकार. तो फळ्यांनी सोडून दिला होता आणि तिच्या डोळ्यांत होता तो लाकडात उतरत नव्हता. नदी भरेपर्यंत तो सापडला नाही तर घाट गेला, हे तिला कळत होतं आणि गावालाही.

वैशाख संपत आला तेव्हा पत्रूने त्याची नाव मोहटोल्याच्या रेतीत आणली. उन्हाळ्यात फळ्या आक्रसतात, सांध्यांत फटी पडतात. म्हणून पावसाळ्याआधी काठच्या ओल्या रेतीत नाव निम्म्याहून जास्त पुरून ठेवतात, वर पाणी मारत राहतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. याला नावेला पाणी पाजणं म्हणतात. मायच्या ठाण्याच्या बरोबर समोरची, अलीकडच्या काठची रेती त्यासाठी शुभ मानलेली, त्यामुळे दोन्ही घाटांच्या नावा तिथंच पाणी प्यायच्या.

गुणाबाई सुतळी घेऊन तिथं गेली. पत्रूच्या नावेवर सुतळी ताणून गाठी मारायला लागली. जुळी नाव, तिचं माप ते हिचं. पत्रूला खबर लागली. दुसऱ्या सकाळी तो माणसं घेऊन आला आणि नाव अजून पुरती पाणी प्यायली नसताना रेतीतून उपसून घेऊन गेला. "पाह्यतो आता कशाचं माप घेतेस," असं तो मुद्दाम गुणाबाईसमोर मोठ्याने बोलला.

गुणाबाई खाली रेतीत उतरली. नाव गेली त्या जागी बघत राहिली. ओल्या घट्ट रेतीत नावेचा खड्डा पडला होता. पुढचं टोक, पोटाची गोलाई, मागची उतरंड, सगळं जसंच्या तसं. पत्रूने सुतळीचं माप नको म्हणून अख्खी नावच तिला काढून दिली होती. कधी नव्हे ती गुणाबाई खदखदून हसली.

मग मात्र तिने श्वास घेऊ दिला नाही कोणाला. खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आधी चिकणमाती लिंपली. धिवरपुऱ्यातल्या बायांना हाक मारली. पुरुष घरात बसून गुणाबाईच्या नादाला लागू नका म्हणत होते, आणि बाया पदर बांधून नदीकडे निघाल्या होत्या. कोलू होता, मीही होतो. ती उलगडलेली नाव आम्ही उचलून खड्ड्यात बसवली, वरून दोर आवळले आणि फळ्या बाहेरच्या गोलाईला टेकेपर्यंत आतून रेतीच्या पोत्यांनी दाबल्या. पुढचं मुरडलेलं टोक कुरकुरत कुरकुरत सरळ झालं. बायांनी एकमेकींकडे बघितलं.

पत्रू फावडं घेऊन आला. गुणाबाई नावेत उतरून मधोमध बसली होती, मांडीवर भाकरीचं फडकं.

"तो खड्डा माया नावेचा हाय," पत्रू म्हणाला.

"मंग घेऊन जाय."

बाया फिसकन हसल्या. पत्रूचं तोंड लाल झालं. "वयनी, बाहेर निंगा. बुजवतो मी."

"बुजव. पायापासून सुरू कर, तोंड शेवटी बुजव. तवरिक बोलत राहीन मी."

पत्रूने फावडं उचललं आणि तसंच धरून उभा राहिला. शेवटी तो मुखरूबुवांकडे गेला. बुवा आले, त्यांनी खड्डा पाहिला, बाई पाहिली, आणि म्हणाले, "रेती नदीची. खड्ड्याचा पट्टा कोनाच्या नावानं नाई." पत्रू फावडं खांद्यावर टाकून निघून गेला.

नंतरचे दिवस नुसती ठोकठोक. वाकड्या लाकडांतून गोलाईला जुळेल ते निवडायचं, वाकसाने तासायचं, फळीला लावून बघायचं, पुन्हा तासायचं. जुनेच खिळे दगडावर ठोकून सरळ केले. गुणाबाईच्या तळहातांवर फोड आले, फुटले, त्यावर तिने चिंध्या बांधल्या. चिंध्या मी दिल्या, तेवढं माझ्या धंद्यात होतं. इसरू सुतार रोज लांब उभा राहून बघायचा. एक दिवस ती पुढच्या टोकाची बरगडी तासत होती आणि वाकस चुकीच्या अंगाने चालत होता. इसरू तरातरा खाली उतरला आणि तिच्या हातून वाकस काढून घेतला. "द्या इकडे. पाह्यवत नाई." काम करता करता म्हणाला, "पत्रूले सांगू नका." अख्खा काठ बघत होता. गुणाबाईने गंभीरपणे मान हलवली.

सांध्यांत अंबाडीचे तंतू ठासले, राळ आणि जवसाचं तेल ओतलं, आणि नाव त्याच खड्ड्यात पाणी पीत ठेवली. नदीच चढत चढत खड्ड्यापर्यंत आली तेव्हा नाव आपली आपण वर उचलली गेली, आणि गुणाबाईने दोर धरून ती घाटावर आणून बांधली.

नदी भरली त्या दिवशी घाटावर दोन नावा उभ्या होत्या. मुखरूबुवा गुणाबाईच्या नावेत उतरले, प्रत्येक बरगडीवर पाय आपटून बघितलं. "नाव मजबूत हाय," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पत्रू पुढे झाला. त्याने आवाज चढवला नाही. "नाव असेल मजबूत. पन मायची ओटी रांडव बाईच्या नावेत ठेवाची का? सवाष्णीचं लेनं हाय ते."

सगळे बुवांकडे वळले. मुखरूबुवांनी ओटीच्या टोपलीवरचं फडकं सरकवून आतल्या बांगड्या पाहिल्या. मग म्हणाले, "हे म्या ध्यानात घेतलं नव्हतं. रीत तर तशीच हाय." आणि टोपली घेऊन पत्रूच्या नावेत चढले.

मला इतका संताप आला की मशीन नदीत फेकावंसं वाटलं. पण पलीकडे बाजार होता, आणि मायच्या ओटीबरोबरच पहिली खेप करायची अशी लोकांची समजूत. सगळे पत्रूच्या नावेत चढले, मी पण चढलो, तोंडाने शिव्या देत चढलो. गुणाबाईच्या नावेत फक्त कोलू बसला. जंगलातला माणूस, पाण्याला भिणारा. त्याने दोन्ही हातांनी काठ पकडला आणि डोळे मिटून घेतले. गुणाबाईने दोर सोडला आणि रिकामी नाव आमच्या बाजूने हाकारली. "घाट तुमचा असन," ती ओरडून म्हणाली, "नदी मोकरी हाय."

मध्यावर गेलो आणि माझ्या पायाला गार लागलं. अर्धवट पाणी पाजून उपसलेली नाव, वर माणसांचं ओझं. सांधे पाझरायला लागले होते. पत्रूने डब्याने पाणी उपसायला लावलं. पाणी घोट्यावर आलं, मग पिंढरीला. बाया रडायला लागल्या. पत्रूने वर बघितलं आणि एवढंच म्हणाला, "वयनी."

गुणाबाईने नाव आमच्या नावेला भिडवली. "दोर धर, पत्रू. पहिले लेकुरवाया. धक्काबुक्की कराल तं दोनी नावा जातीन." एकेक जण पलीकडे गेला. मी आधी मशीन दिलं, मग स्वतः गेलो. हलक्या झालेल्या नावेत पत्रू एका हाताने दोर धरून पाणी उपसत राहिला. शेवटी मुखरूबुवा आले, नडग्यांपर्यंत पाण्यात भिजलेले, टोपली डोक्यावर धरून. पाय टाकायला हात मोकळा हवा होता. त्यांनी टोपली कोलूपुढे केली. कोलू डोळे उघडायला तयार नव्हता. मी हात पुढे केला.

"लटारूभाऊ, खाली बसा," गुणाबाई म्हणाली. मी बसलो. मग ती बुवांना म्हणाली, "माये दोनी हात वल्ह्यावर हायेत. पदरात टाका."

बुवांनी तिच्या पदराकडे पाहिलं. नदीचा आवाज मोठा होता. इतवारी गेल्यापासून त्या पदरात कोणी तांदळाचा दाणा टाकला नव्हता, लग्नाच्या मांडवात तिला मागे बसवत होते. बुवांनी टोपली छातीशी धरली, एक हात आत घातला, खण आणि नारळ काढला आणि वाकून तिच्या पदरात ठेवला. मग बांगड्या ठेवल्या.

"हळदकुंकवाची पुडी रायली," ती म्हणाली.

त्यांनी पुडीही ठेवली. मग त्यांनी नावेत पाय टाकला. गुणाबाईने एका हाताने पदर गोळा करून कमरेला गच्च खोचला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

"बुवा, मागं बसा," ती म्हणाली. "पुढं वजन जास्त झालं."

मुखरूबुवा मुकाट्याने मागे जाऊन बसले.